पाठमोरी माणसे



कलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तरी कामगारांच्या एका परिषदेनिमित्त व्हेनिसला गेलो असता जे पाहिले, ते आपल्यापुढे ठेवतो.

तिथल्या मोठ्या कालव्याच्या काठी का रेझोनिको हा वाडा आहे. दारालाच पाणी. बोन घराण्याने तो १६४९च्या सुमारास बांधावयास घेतला. पैसा आटला, काम अडले. १७५१ साली व्यापारातून वर आलेल्या रेझोनिकोंनी तो विकत घेऊन पुरा केला. १९३५ साली नगरपालिकेने घेतला आणि पुढल्याच वर्षी तिथे संग्रहालय उघडले. धनिकाचा दिवाणखाना गावाचा झाला, हे मला आवडले.

पण आत मन खट्टू झाले. छतावर जांबात्तिस्ता तिएपोलोने घरच्या लग्नाचे चित्र काढले आहे. नवरानवरी सूर्याच्या रथातून येतात. आणि खाली ब्रुस्तोलोन या कारागिराने काळ्या लाकडात कोरलेले, साखळीने जखडलेले आफ्रिकी गुलाम फुलदाण्या पेलून उभे! हात मोठा कसबी. म्हणूनच ते अधिक बोचते. मनात म्हटले, आमची जागा इथे एवढीच.

वरच्या मजल्यावर मात्र थबकलो. तिएपोलोचा मुलगा जानदोमेनिको याने १७९१ साली स्वतःच्या खेड्यातल्या घराच्या भिंतीवर काढलेले चित्र तिथे आणून लावले आहे. नाव ‘नवे जग’. जत्रेत आपल्याकडे बायोस्कोपची पेटी येई, तसला खेळ पाहायला माणसे दाटली आहेत. आपल्याला दिसतात त्या बहुतेक पाठीच. पेटीत काय आहे, ते चित्रकार दाखवीत नाही. हे चित्र कुणा धनिकाने सांगून काढवले नव्हते. मी त्या गर्दीच्या मागे उभा राहिलो, आणि रांगेत माझाही नंबर आहे असे वाटले.

मित्रहो, एक कबुली देतो. पूर्वी आमच्या वाचनालयासाठी यंत्रमागावरच्या एका पोराने चित्रांचे पुस्तक मागितले होते. “आधी भाकरी, मग चित्रे,” असे सांगून मी त्याला परतवले. भाकरीसाठी आम्ही भांडलो, ते योग्यच होते. पण त्याला पेटीत डोकवायचे होते, आणि दार अडवून उभा होतो तो मी, मालक नव्हे.

परत आल्यावर पुस्तक आणले. तो पोरगा मात्र काम सोडून कधीच सुरतेला गेला. पुस्तक कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही.