रात्रीचा ताप

परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली रक्ताचा कॅन्सर झालेल्या एका मुलीवर डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. टाटाचं हे काम आता मुख्यतः खारघरला चालतं. पण ट्रान्सप्लांटआधी केमोचे महिने काढायचे असतात. गावाहून आलेली माणसं तेव्हा परळ, वडाळा, अँटॉप हिलकडे नातेवाइकांकडे किंवा भाड्यानं राहतात. मी आज बोलणार आहे त्या खोलीबद्दल.

पावसाळ्यात तिथल्या जुन्या इमारतींत भिंतींना ओल येते, पोपडे सुटतात, कपाटामागे काळपट बुरशी धरते. बाहेर कुठे ना कुठे पाडकाम चालूच. या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, दोन-तीन मायक्रॉनचे. ते तुमच्याआमच्या श्वासात रोज जातात, काही होत नाही. केमोनंतर मात्र न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५००च्या खाली येतात आणि फुप्फुसात बुरशीला अडवणारं कुणी उरत नाही. ट्रान्सप्लांटच्या खोलीत हेपा फिल्टर असतो, इथे नसतो. म्हणून पेशंट घरात असताना भिंत खरवडू नका, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा, खिडकीत कबुतरं बसू देऊ नका.

एवढं सांभाळूनही ताप येतो. १००.४ फॅरेनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नका. पांढऱ्या पेशीच नसल्यानं कफ फारसा न पडताही न्यूमोनिया असू शकतो. कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या सांगा, "केमो चालू आहे, काउंट कमी आहेत." अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.

मग सीटीत डाग दिसतो. भावाच्या पेशी जुळलेल्या, तारीख ठरलेली, आणि घरात रडारड सुरू होते, की ट्रान्सप्लांट हुकलं. अहो, धीर धरा. आपल्याकडे तो डाग टीबीचाही असू शकतो, म्हणून गरज पडल्यास दुर्बिणीतून फुप्फुसातलं पाणी घेऊन तपासतात. ॲस्परजिलस निघाली तर व्होरिकोनाझोलसारखं औषध कित्येक आठवडे चालतं. डाग पुरता पुसला जाईपर्यंत थांबलं तर तेवढ्यात ल्युकेमिया उलटू शकतो. त्यामुळे संसर्ग आटोक्यात आला की डॉक्टर बहुधा औषध चालू ठेवूनच ट्रान्सप्लांटला घेतात. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका. पैशांची ओढाताण असेल, तर गोळ्या संपायच्या आधीच रुग्णालयातल्या समाजसेवकांना गाठा.