किल्ली कोणाच्या हाती?

लामता हे बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गाव. येथील एखाद्या मनुष्यास न्यायालयाच्या आज्ञेने जिल्हा कारागृहात ठेवले, म्हणजे त्याच्या घरच्यांना भेटीसाठी बालाघाटची वाट धरावी लागते. त्यांची पाळी केव्हा येईल, आतल्या आजाऱ्यास वैद्याकडे कोण नेईल, रात्री बराकीत आरडाओरड झाली तर कोण धावेल, हे सारे तेथे किती माणसे कामावर आहेत यावर अवलंबून असते. कारागृहाचा नोकरवर्ग हा विषय रूक्ष खरा. पण त्या घरच्या माणसांना तो तसा वाटत नाही.

कारागृहे हा घटनेप्रमाणे राज्यांच्या अखत्यारीतील विषय होय. बालाघाटच्या पहारेकऱ्याचे वेतन भोपाळच्या विधानसभेने मंजूर केलेल्या रकमेतून निघते. पुढे महालेखापरीक्षक हिशेब तपासतात, त्यांचा अहवाल विधानसभेपुढे येतो व लोकलेखा समिती त्याची छाननी करते. व्यवस्था चांगली आहे. मात्र हिशेब तपासणाराचे लक्ष स्वभावतःच खर्च झालेल्या पैशाकडे अधिक जाते. न भरलेल्या जागेचे वेतन शिल्लक राहते, आणि वहीत शिल्लक ही नेहमी शोभूनच दिसते.

या शिल्लकेची दुसरी बाजू पाहा. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ४,३६,२६६ जणांपुरती जागा होती व प्रत्यक्षात ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे असे. आणि नोकरवर्गाच्या दर दहा मंजूर जागांपैकी जवळजवळ तीन रिकाम्या.

ही उणीव भरून काढण्याची एक जुनी युक्ती इंग्रजी अमलात होती. बंदिवानांतूनच मुकादम व वॉर्डर नेमावयाचे, त्यांना थोडी सूट द्यावयाची आणि इतरांवर अधिकार चालवू द्यावयाचा. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या तेविसाव्या कलमाने तर अशा बंदिवानास लोकसेवकाची पदवी बहाल केली होती. पहारा इतका स्वस्त दुसरा कोणता पडणार? त्याची किंमत मात्र दुबळ्या बंदिवानाने भरली. पगारी माणसावरही देखरेख नसेल तर काय घडते, हे १९७९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दिल्लीच्या तिहार कारागृहातील सुनील बत्रा या बंदिवानाने पत्र लिहून, पैशासाठी एका सोबत्याचा छळ झाल्याचे कळविले होते. त्या पत्रावरूनच न्यायालयाने प्रकरण हाती घेतले आणि न्यायाधीश व दंडाधिकारी यांनी कारागृहास भेटी द्याव्यात, तक्रारपेट्या ठेवाव्यात, असे बजावले.

माणसे मिळत नसतील तर कारागृहच कंत्राटाने द्यावे, असेही सुचविले जाते. इंग्लंडने हे करून पाहिले आहे. बर्मिंगहॅमचे कारागृह २०११ साली जी फोर एस या कंपनीकडे गेले. २०१८ साली मुख्य निरीक्षकांना तेथे अमली पदार्थ, मारहाण, घाण आणि आपल्याच खोल्यांची दारे लावून बसलेले कर्मचारी आढळले, व सरकारला कारभार परत घ्यावा लागला. तेथे निदान सरकारी निरीक्षक स्वतंत्र होता; तो नसता तर हे बाहेर आलेच नसते. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली खाजगी कारागृहाचा कायदाच रद्द केला. खर्च वाचेल की नाही, या वादावर न्यायालयाने निकाल सोडला नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या हाती माणसाला डांबून ठेवण्याची सत्ता देणे हाच त्याच्या स्वातंत्र्याचा व प्रतिष्ठेचा भंग ठरला. इमारत बांधण्याचे कंत्राट द्यावे, धान्याचे द्यावे. कुलपाच्या किल्लीचे देता येईल, असे मला वाटत नाही.

मध्यप्रदेशाने २०२४ साली कारागृहांविषयी नवा अधिनियम संमत केला. तथापि कायदा नवा असो वा जुना, भेटीस जाणाऱ्या अभ्यागतांनी स्वयंपाकघर पाहून व डाळ चाखून परतू नये. त्यांनी हजेरीपट मागवावा. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, गेल्या रात्री पहाऱ्यावर प्रत्यक्ष किती जण होते, हे आकडे भेटीच्या नोंदवहीत लिहावेत. आणि बालाघाटच्या आमदारांनी अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात तेच विचारावेत.