आजीचा विसर, नातीचे स्थळ



आमच्या शेजारच्या मुलीचे दारव्ह्याकडचे जमत आलेले स्थळ मोडले. कारण काय, तर तिच्या आजीला घरची माणसे ओळखू येत नाहीत. वरपक्ष म्हणाला, "हे रक्तात असते." ते मला फार लागले, म्हणून आज बोलायला उभी राहिले.

रक्तात असते हे खरे, पण फारच थोड्या घराण्यांत. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, अँटिओक्विया प्रांतात असे एक मोठे कुळ आहे. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी १९८० च्या दशकापासून त्याचा अभ्यास केला. त्या कुळात एका जनुकातील दोषामुळे अल्झायमर पंचेचाळिशीच्या सुमारासच गाठतो. आईबापांपैकी एकात तो दोष असला, की प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा.

पण गंमत पाहा! त्याच कुळातील अलिरियाबाईंत हा दोष होता, तरी सत्तरी उलटेपर्यंत त्यांची स्मृती शाबूत होती. आईबाप दोघांकडून आलेल्या दुसऱ्या एका दुर्मिळ जनुकाने त्यांना बहुधा राखले, असे शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केले.

असे थेट वंशाने येणारे रोगी शंभरांत एकही नसतात. इतरांना हा आजार बहुतेक उतारवयातच होतो. एपीओई-४ सारखे जनुक त्यांचा धोका वाढवते, पण आजार होणारच असे नाही. घरात दोनतीन पिढ्या साठीच्या आतच असे झाले असेल, तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

आमच्या ह्या आजींचे वय ब्याऐंशी. दुपारी ओसरीवर बसून त्या कापसाच्या वाती वळतात. ते त्या अजून विसरल्या नाहीत.