महालातील वाड्याचे पाहुणे
[नभोवाणीवरील भाषण]



अमेरिकेतील डाकोटा प्रांतात ऑलिव्हर डॅलरिम्पल नावाच्या गृहस्थाने १८७५ च्या सुमारास, जेथे तोवर केवळ गवताचे माळ होते तेथे गव्हाची प्रचंड शेती आरंभिली. हजारो एकरांची ती शेती पाहावयास दूरदूरची माणसे जाऊ लागली. १८७८ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष हेझ ती पाहून आले. मासिकांचे लेखक गेले व त्यांनी रसभरित वर्णने लिहिली. आज त्या पाहुण्यांचा माग काढू जावे तो एक गोष्ट ध्यानात येते. तेथील रेल्वे कंपनीला आपल्या पदरच्या जमिनी विकावयाच्या होत्या, आणि अशा वर्णनांनीच गिऱ्हाईक येणार होते. तेव्हा पाहुणा आला एवढे कळून भागत नाही. त्याला कोणी आणले आणि जाताना त्याने काय नेले, हेही विचारावे लागते.

हाच प्रश्न मनाशी धरून मी गेली काही वर्षे आपल्या महालातील भोसल्यांच्या वाड्यात कोण कोण येऊन गेले याचा शोध करीत आहे. महाल म्हणजे आपल्या रोजच्या वहिवाटीचा भाग. जुम्मा दरवाजाला आता गांधी दरवाजा म्हणतात, आणि तेथून भाजी घेऊन परतणाऱ्याच्या मनात दुसऱ्या रघूजी महाराजांचा दरबार यावा असे काही तेथे दिसत नाही. काळ्या दगडाचा व कोरीव लाकूडकामाचा तो मोठा राजवाडा १८६४ साली आगीत जळाला. दगड जळत नाही, पण कागद जळतो. म्हणून नागपुरास आलेल्या पाहुण्याची हकीकत शोधावयाची तर नागपूर सोडून पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या कागदांत शिरावे लागते. आपल्या घरी कोण जेवून गेले हे शेजाऱ्याला विचारण्यासारखेच हे झाले! कै. यादव माधव काळे यांनी १९३८ साली पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातील नागपूरचा खंड संपादून छापला नसता, तर माझ्यासारख्याला हेही साधले नसते.

आरंभीच्या पाहुण्यांत जॉर्ज फॉर्स्टर हा मोठा विलक्षण मनुष्य. १७८२ च्या सुमारास तो बंगालहून निघाला आणि मुसलमान व्यापाऱ्याच्या वेषात काश्मीर, काबूल असा खुष्कीच्या वाटेने युरोपास पोहोचला. पुढे कंपनीने त्याला आपला वकील म्हणून भोसल्यांकडे धाडले. वेषांतरात निष्णात असलेला हा माणूस नागपुरास मात्र उघड्या चेहऱ्याने आला. त्याच काळातला दुसरा पाहुणा डॅनियल लेकी. १७९० साली तो कटकाहून बोरासांबरच्या वाटेने येथे आला. त्याची रोजनिशी १८०० साली लंडनला छापली गेली. तीत नागपूरचे वर्णन आहे. पण पुस्तकाचे नावच पाहा, त्यात वाटेवरील मुक्काम आणि घाट यांनाच अग्रमान आहे. येताना बंजारी घाट, बनारसेकडे जाताना सुहागी घाट. बंगालच्या फौजेला कधी या मुलखात उतरावे लागले तर कोणती वाट धरावी, हे ज्याला हवे त्याला त्या पुस्तकात मिळते. लेकीच्या मनात तसे होते की नव्हते हा प्रश्न वेगळा. ते वाचणाऱ्यांच्या मनात काय असेल, हे सांगावयास नको.

येथे एक सावधगिरी सांगतो. १७९५ साली ब्लंट नावाचा एक इंग्रज अधिकारी चुनारहून निघून रतनपूर, रायपूर या वाटेने थेट गोदावरीकडे उतरला. त्याचा वृत्तांत 'एशियाटिक रिसर्चेस' मध्ये आहे. तो भोसल्यांच्या मुलखातून गेला हे खरे, पण महालाची पायरी तो चढला नाही. प्रथम मी त्याचे नाव उत्साहाने यादीत घातले होते. मग मुक्कामांची नावे नकाशावर एकेक करून लावून पाहिली, आणि नाव खोडले. अशी खोडलेली नावे माझ्या वहीत राहिलेल्या नावांहून अधिक आहेत.

१७९९ साली हेन्री टॉमस कोलब्रुक आला. संस्कृत धर्मशास्त्राचा हा गाढा व्यासंगी. कंपनीतर्फे भोसल्यांना शिंद्यांविरुद्ध आपल्या बाजूस वळवावे या कामी तो आला, आणि दोन वर्षे राहून ते न साधता १८०१ साली परत गेला. ज्या पाहुण्याला आपले शास्त्र कळत होते त्याला आपल्या दरबाराने रिकाम्या हाती लावले, याची मला थोडी मौज वाटते. पुढे १८०३ चा देवगावचा तह झाला, आणि १८०४ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून येथे चार वर्षे राहिला. ग्रीक ग्रंथांचे वाचन आणि शिकार यांत त्याचे पुष्कळसे दिवस गेले. योगायोग असा की, कोलब्रुकच्या मुलाने आपल्या बापाचे चरित्र लिहिले आणि एल्फिन्स्टनचेही तोच लिहिता झाला. त्यामुळे एकाच घराच्या कपाटातून नागपूरचे दोन पाहुणे आपल्याला भेटतात.

यानंतरचा रिचर्ड जेन्किन्स. याला पाहुणा म्हणावे तरी कसे? १८०७ पासून सुमारे वीस वर्षे तो येथे होता. १८१७ च्या नोव्हेंबरातील सीताबर्डीची लढाई त्याच्या दारातच झाली, आणि आप्पासाहेबांच्या पतनानंतर राज्याचा कारभार त्याच्याच हाती आला. १८२७ साली छापलेला त्याचा नागपूर राज्याचा अहवाल आजही प्रत्येक अभ्यासकाला उघडावा लागतो. पिके, जाती, वसूल, न्याय, सारे त्यात आहे. फार काय, काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिलेली नागपूरकर भोसल्यांची बखरदेखील जेन्किन्सच्याच सांगण्यावरून सिद्ध झाली. घरच्या माणसाने घरचा इतिहास लिहिला तो पाहुण्याने विचारला म्हणून! त्या बखरीविषयी मला आदर आहे. परंतु ती वाचताना विचारणारा समोर बसला आहे, हे मी विसरू शकत नाही.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी महाराज निपुत्रिक वारले. त्या वेळी मॅन्सेल हा रेसिडेंट होता. त्याने भोसले घराण्याला अनुकूल असे मत कळविले. डलहौसीने ते मानले नाही, आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. मग वाड्यात आले ते मोजदाद करणारे. हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव झाला, जवाहीर कलकत्त्यास गेले. बाकाबाईसाहेबांनी विरोध केला, तोही व्यर्थ. वाड्यातील वस्तूंची इतकी काटेकोर यादी त्यापूर्वी कोणत्याही पाहुण्याने केली नसेल.

आता माझी अडचण सांगतो. वर आलेली सारी नावे साहेबांची आहेत. काशीच्या वाटेवर येथे थांबलेले शास्त्री, पुण्याहून आलेले वकील व कारकून, साहेबांबरोबर आलेले मुनशी आणि त्यांचे ओझे वाहणारे कहार यांनी हा वाडा पाहिलाच असेल. साडेतीन शहाण्यांत गणल्या गेलेल्या देवाजीपंत चोरघड्यांच्या दारी माणसांची रीघ किती असेल! त्यांनी वर्णने छापली नाहीत. पण आपल्याकडे पाहुणा आला की त्याला शिधा निघतो, विडा दिला जातो, निरोपाचे वस्त्र दिले जाते. आणि जे निघते ते कारकून कीर्दीत मांडतो. आटा किती, तूप किती, कोणाच्या नावे, एवढ्या एका ओळीने एक माणूस हाती लागू शकतो.

महालातील जुन्या घरांत माळ्यावर मोडीचे रुमाल अद्याप पडून असतील. घर पाडताना ते रद्दीवाल्याकडे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे असा एखादा रुमाल असेल तर तो उन्हात एकदम उलगडू नका, कागद तुटतो. सावलीत ठेवून मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी बोलवा, आणि शिध्याची पाने आधी पाहावयास सांगा.