ठाणे, कचेरी आणि तुरुंग : आदिलाबादच्या सरहद्दीवरील फौजदारी न्याय



इंग्रजी कादंबऱ्या आणि चित्रपट यांच्यामुळे सुशिक्षित मराठी वाचकाला अमेरिकेतील फौजदारी न्यायाची वाट बऱ्यापैकी ठाऊक असते. तेथील शेरीफ लोकांनी निवडून दिलेला असतो, बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा सरकारी वकीलही निवडणुकीने येतो आणि ज्यूरीतील सामान्य नागरिक दोषी की निर्दोष ते ठरवितात. चित्रपटात न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. तेथे होणाऱ्या दर दहा दोषसिद्धींपैकी नऊहून अधिक ज्यूरीसमोर होतच नाहीत. आरोपी व सरकारी वकील यांच्यातील सौद्यातून गुन्हा कबूल केला जातो आणि न्यायाधीश त्यावर शिक्कामोर्तब करतो. सुमारे अठरा हजार स्वतंत्र पोलीस यंत्रणा असलेल्या त्या देशाविषयी इतके कुतूहल बाळगणाऱ्या वाचकाला आदिलाबादच्या पहाडातील एखादा कोलाम किंवा गोंड माणूस ठाण्यापासून तुरुंगापर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे मात्र क्वचितच सांगता येते. पैनगंगेच्या अलीकडे व पलीकडे नातीगोती असलेल्या मराठी माणसाचीही वाट तीच असल्याने या विषयाकडे परक्याचा म्हणून पाहता येत नाही.

निझामी राजवटीत ही वाट गावातच सुरू होई. माली पटेल सारा पाही, पोलीस पटेल गुन्ह्याची वर्दी देई आणि पटवारी कागद लिही. त्यांच्यावर ठाण्याचा अमीन, त्याच्यावर मोहतमीम आणि साऱ्यांच्या वर जिल्ह्याचा अव्वल तालुकदार. हैदराबाद संस्थानाच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. न्यायखाते महसूल व कारभार यांपासून वेगळे करण्याचा निर्णय तेथे १९२१ मध्ये झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात ही मागणी त्या वेळी नुसत्या ठरावांतून घुमत होती. कागदावर ती सुधारणा मोठीच होती. परंतु उतनूर आणि आसिफाबादच्या डोंगरांत न्यायाधीश पोहोचण्यापूर्वी जंगलखात्याचा चौकीदार पोहोचत असे, आणि बहुतेक आदिवासींना राज्यसत्तेचे पहिले दर्शन त्याच्याच रूपाने घडे.

राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरला. त्याचे कृत्य बदलले नव्हते. बदलली होती कायद्याची रेषा. ती रेषा उर्दूत लिहिलेली होती, दंडाची पावती उर्दूत होती आणि कचेरीतील कामकाजही उर्दूतच चाले. गोंडांची भाषा गोंडी, बाजाराची व व्यवहाराची भाषा बव्हंशी मराठी. या तीन भाषांच्या मध्ये जो वर्ग उभा राहिला, म्हणजे अर्जनवीस, दलाल, सावकार, त्याच्या हातून कितीतरी जमिनी फिरल्या. दप्तरात ज्याचे नाव लागले तो पट्टेदार ठरला आणि ज्याने झाडे तोडून रान मोकळे केले तो अतिक्रमण करणारा.

कोमरम भीमची हकीकत या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. त्याच्या शेतावर हक्क सांगणाऱ्या सिद्दिकी नावाच्या माणसाचा त्याच्या हातून मृत्यू झाला आणि तो फरारी झाला, असे परंपरा सांगते. तो चांदा भागात राहिला, पुढे आसामच्या चहामळ्यांत गेला आणि परतल्यावर बाबेझरी व जोडेघाटच्या परिसरात गोंड-कोलामांची वस्ती त्याने उभी केली. जंगलखात्याशी संघर्ष वाढत गेला, बोलणी फिसकटली आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. फौजदारी न्यायाच्या दृष्टीने या घटनेत एक मोठी पोकळी आहे. तक्रार होती, फरारी होता, पोलीस होते, बंदूक होती. मधली कचेरी मात्र कोठेच नव्हती. ज्या माणसाच्या नावाने २०१६ मध्ये तेलंगण शासनाने स्वतंत्र जिल्हा केला, त्याचे म्हणणे कोणत्याही न्यायालयाने ऐकून घेतलेले नाही.

निझाम सरकारने त्यानंतर जे केले ते त्या काळाच्या मानाने असाधारण होते. बंड का झाले याचा शोध घेण्यास त्याने एक मानववंशशास्त्रज्ञ जवळ केला. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ १९४१ पासून आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिला. त्याच्या सल्ल्याने मारलवाई येथे १९४३ मध्ये गोंडी शिक्षणाचे केंद्र निघाले, आणि ग्रंथालयाच्या सभासदांनी लक्षात ठेवावे असे की, तेथील गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापले गेले. डोंगरातल्या गोंडाला अक्षर मिळाले ते मराठी वाचकाच्या ओळखीचे होते. त्याच काळात सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा मराठी अधिकारी गोंडी शिकला, गोंडांवर त्याने पुस्तक लिहिले आणि त्या भाषेचे व्याकरणही रचले. आपण ज्यांच्यावर राज्य करतो त्यांची भाषा आपल्याला आली पाहिजे, एवढी साधी गोष्ट पाळणारे अंमलदार सर्व राजवटींत थोडेच झाले.

हाइमेनडॉर्फच्या प्रयत्नांतून १९४६ चा आणि पुढे १९४९ चा आदिवासी क्षेत्रांविषयीचा कायदा आला. गोंडांच्या जातपंचायतींना काही मर्यादेत मान्यता देण्याचा विचार त्यामागे होता. गावाचा पटेल आणि जाणती मंडळी बसून भांडण मिटवीत. पळवून नेलेली मुलगी, मोडलेले लग्न, परत न केलेले बैल, असे ते विषय. दंड होई, पण त्या दंडाच्या पैशात बहुधा जेवण घातले जाई आणि अपराधी त्याच पंगतीत बसे. माणसाला समाजातून काढून कोठडीत ठेवणे आणि त्याला पुन्हा पंगतीत बसविणे, या शिक्षेच्या दोन अगदी भिन्न कल्पना आहेत. अर्थात पंचायतीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. तेथे बाईच्या शब्दाला पुरुषाच्या शब्दाचे वजन नसे आणि वाळीत टाकण्याची शिक्षा काही वेळा तुरुंगाहून कठोर ठरे. आजही आदिलाबादच्या भागात ‘राय सेंटर’ या नावाने या पंचायती चालतात व त्यांच्या प्रमुखाला ‘सारमेडी’ म्हणतात. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरागत पद्धतीने तंटे मिटविण्याचा ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५१ मध्ये भारतीय दंडविधान व फौजदारी प्रक्रियेचा कायदा येथेही लागू झाला आणि १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेने जिल्ह्याचे दोन तुकडे पडले. राजुरा व किनवट मराठी मुलखात गेले, उरलेले आदिलाबाद आंध्र प्रदेशात. मराठी माणसाच्या दृष्टीने कचेरीची भाषा एकदा उर्दूवरून बदलली ती तेलुगू व इंग्रजी झाली. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना गावाची रचना सारखी असली तरी पुढे एक फरक पडला. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील टिकविला. आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने जानेवारी १९८४ मध्ये पटेल-पटवारी पदे एका वटहुकमाने रद्द केली. त्या वंशपरंपरागत पदांचा जुलूम ज्यांनी भोगला होता त्यांना त्याचा आनंदच झाला. पण किनवटकडील गावात अपमृत्यू किंवा मारामारी झाली, तर ठाण्याला कळविण्याचे कायदेशीर कर्तव्य असलेला एक माणूस आजही गावातच राहतो, आणि सरहद्दीच्या अलीकडे तसा कोणी राहिला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

परवानगीची गोष्ट थोडी निराळी, परंतु याच विषयातली. संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकामुळे जाहीर सभेला आधी परवानगी लागे. राजवट गेली, परिपत्रक गेले. २० एप्रिल १९८१ रोजी, बाजाराच्या दिवशी, इंद्रवेल्लीत गिरिजन रयतू कूली संघाची सभा ठरली होती. दिलेली परवानगी मागे घेण्यात आली व १४४ कलम लावण्यात आले. दूरच्या पाड्यांतून पायी निघालेल्या लोकांना ते कळविणार कोण, आणि कोणत्या भाषेत? जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. नागरी हक्क संघटनांचा अंदाज त्याच्या कितीतरी पट आहे. मृतांच्या स्मरणार्थ १९८३ मध्ये बांधलेला स्तंभ १९८६ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आला आणि पुढे पुन्हा उभा राहिला. पुढची अनेक वर्षे २० एप्रिलला तेथे जमण्यास बंदीचे हुकूम निघत राहिले. शोकालाही मनाई हुकूम लागू होतो, हे पाहिल्यावर १४४ कलमाविषयी आदर वाटणे कठीण आहे. ते कलम आता १६३ या क्रमांकाने नव्या संहितेत आले आहे.

भाषेच्या प्रश्नावर कायदा स्वतः मूक नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष दिली गेल्यास ती त्याला समजेल अशा भाषेत भर कोर्टात सांगितली पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ सांगत असे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. नागपूरच्या एका प्रकरणात, ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६२ च्या निकालात, स्थानबद्ध माणसाला कारणे इंग्रजीत दिली व तोंडी समजावली म्हणजे पुरे झाले, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले आणि त्याची सुटका केली. सरहद्दीच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा निकाल १९७८ चा, मोतीराम या गवंड्याचा. त्याला जामीन मिळाला होता, पण दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला तेव्हा तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर कडक ताशेरे ओढले. जामीनदार बाहेरचा म्हणून किंवा कागद दुसऱ्या प्रांताच्या भाषेत म्हणून नाकारणे देशाच्या एकतेला धरून नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. आदिलाबादच्या तुरुंगातील माणसाचा सख्खा मामा किनवटला सातबारा घेऊन बसलेला असतो; त्या सातबाऱ्याची किंमत ठरविण्यास हा निकाल उपयोगी पडतो. मात्र तो उच्चारणारा वकील असावा लागतो.

केरामेरी मंडल आणि जिवती तालुका यांच्यामधील बारा-चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. मुकादमगुडा, परंडोळी, अंतापूर ही त्यांपैकी काही. तेथील मराठी कुटुंबांकडे दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आढळतात. शिधापत्रिका दोन असल्या तर पोट भरते. ठाणी दोन असली की प्रत्येक ठाणे दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते. नव्या संहितेच्या १७३ व्या कलमाने यावर एक उपाय दिला आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला वर्दी नोंदवून घ्यावी लागते, आणि वर्दी तोंडीही देता येते. या गावांतील माणसाला हे कलम पाठ असावयास हवे.

शेवटचा टप्पा तुरुंगाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातील कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा अपराध अजून सिद्ध झालेला नव्हता. अमेरिकेतही परगण्यांच्या तुरुंगांत बहुसंख्य माणसे निकालाची वाट पाहणारीच असतात, तेव्हा या बाबतीत श्रीमंत देशानेही फार बढाई मारू नये. तेलंगणच्या कारागृह विभागाने कैद्यांकडून पेट्रोलपंप चालविण्याचा चांगला उपक्रम केला, पण असा रोजगार मुख्यतः शिक्षा लागलेल्यांसाठी. कच्च्या कैद्याला काम नाही, मुदत ठाऊक नाही आणि पुष्कळदा आरोपपत्राची भाषाही समजत नाही. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाने कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत, आणि पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपीने एक तृतीयांश मुदत, तुरुंगात काढली असल्यास त्याच्या सुटकेची तरतूद केली आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले आरोपी यांना ती लागू नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाधिकाऱ्यावरच टाकलेली आहे. मुदत केव्हा भरते याचा हिशेब कैद्याच्या घरच्यांनीही ठेवणे बरे, कारण तुरुंगाच्या दप्तरात नावे पुष्कळ असतात.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे २००९ पासून कायद्याची प्राथमिक माहिती देणारे विधी स्वयंसेवक नेमतात. त्यांना वकिलीची सनद लागत नाही. तेलुगू वाचणारी, मराठी बोलणारी आणि गोंडी कानावरून गेलेली माणसे या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतील बरीचशी ग्रंथालयांच्या सभासद-वहीत सापडतील. आदिलाबादचा जिल्हा तुरुंग आणि आसिफाबादचा उपकारागृह येथे आरोपपत्र वाचून त्याचा अर्थ सांगणारे दोघे-तिघे आठवड्यातून एकदा गेले, तरी २७९ व्या कलमात लिहिलेली गोष्ट कोर्टाच्या तारखेपूर्वीच काही जणांच्या कानावर पडेल.