रिळाची निगा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



‘आपल्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटे बोला,’ अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मास्तराची दहा मिनिटे हजेरी घेण्यातच जातात. तरीही प्रयत्न करतो. विषय आहे गरवण्याच्या रिळाची निगा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर एखादी काठी व तिचे रीळ पडून असेल. ते आज फिरते काय, हे घरी जाऊन पाहावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

माझ्या वडिलांचे एक रीळ होते. इंग्लंडात अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली ज्या स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले, त्याच घराण्यातील ते. खाडीतील जिताडे वडिलांनी त्यावर खेळविले. अखेरच्या आजारात ते माझ्या हाती देऊन म्हणाले, ‘वापरलेस तर धू.’ पुढे एका वैशाखात मी खाडीवरून थकून आलो आणि रीळ न धुताच पिशवीत ठेवले. मनाच्या समाधानासाठी त्यात चार थेंब खोबरेल मात्र सोडले. नारळी पौर्णिमा झाल्यावर पिशवी उघडली, तो मूठ जागची हलेना. आतील पोलादी बेअरिंग गंजले होते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी साचली होती आणि तेलाचा चिकटा झाला होता. कारागिराने पाहून मान हलविली. मुलांना आयुष्यभर स्वच्छतेचे धडे देणाऱ्या मास्तराला त्या दिवशी शून्य गुण मिळाले.

दोष समुद्राचा नव्हता. खारे पाणी वाळते, मीठ मात्र मागे राहते आणि ते पावसाळी हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणजे रीळ माळ्यावर असूनही खाऱ्या पाण्यातच राहते. खोबरेलाने त्यात भर पडते. ते कालांतराने चिकट होते आणि सुमारे २४ अंशांखाली थिजते. केसांना ते उत्तम, यंत्राला नव्हे.

यास्तव घरी येताच, चहापूर्वी, पाच मिनिटे द्यावीत. प्रथम ड्रॅगची चकती घट्ट करावी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. नंतर गोड्या पाण्याची हलकी धार रिळावर सोडावी. नळाचा जोराचा फवारा मारू नये व रीळ बादलीत बुडवू नये. त्याने मीठ आतच ढकलले जाते. मऊ फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. मग ड्रॅग सैल करून ठेवावा. घट्ट राहिल्यास आतील चकत्या दबून राहतात आणि ऐन वेळी दोरी झटक्याने सुटते किंवा तुटते.

महिन्यातून एकदा मुठीला, तारेच्या कमानीच्या सांध्याला आणि दोरी जिच्यावरून सरकते त्या लहान चाकाला शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. ड्रॅगच्या चकत्यांना हे तेल लागू देऊ नये. तंगूस उन्हात ठेवू नये. उन्हाने तो दुबळा होतो. खरखरीत झालेला भाग कापून टाकावा.

मृग लागण्यापूर्वी, काठी माळ्यावर चढविण्याच्या आधी, रीळ एकदा उघडावे. पांढरे फडके अंथरून निघालेला प्रत्येक भाग क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावा. मोबाइलवर छायाचित्रही घ्यावे. जुने ग्रीस पुसून दातेरी चाकांवर नव्याचा पातळ लेप द्यावा. चाके ग्रीसमध्ये बुडविली तर रीळ जड फिरते. जोडताना उलट क्रमाने यावे. एखादा स्क्रू उरला तर तो खिशात टाकू नये. रीळ पुन्हा उघडावे!

वडिलांचे ते रीळ आता फिरत नाही. मी ते टाकून दिलेले नाही. टेबलावर ठेवले आहे. माझा नातू खाडीवरून आला की प्रथम त्याकडे पाहतो आणि मग मोरीकडे जातो. मला निराळे सांगावे लागत नाही. वडिलांनी मला तीन शब्द सांगितले होते. ते मी ऐकले असते, तर आज ते रीळ त्याच्या हाती असते.

वाडवडिलांनी दिलेली वस्तू वापरल्याने झिजते, ते तिचे भाग्य. न धुता ठेवल्याने मरते, तो आपला दोष. घरी गेल्यावर माळा अवश्य पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.