भिसे खिंड आणि मागचे चार दाते

आजचा एपिसोड जरा ग्रीसने माखलेला आहे. घरात सायकल असेल तर तिच्याजवळ जाऊन ऐका, हात काळे होतील पण मजा येईल.

तर झालं असं. पेणला होतो तेव्हा बाबांची जुनी काळी सायकल चालवायचो, बिनगियरची. पेण ते वडखळ रस्ता सपाट, आजूबाजूला खारपाटातली भातशेती. समोरून वारा सुटला तरच काय ती दमछाक. मग काम लागलं रोह्याला, राहायला गेलो नागोठण्यात मामाकडे. मधे भिसे खिंड! रोज उतरून सायकल ढकलायची. सातची पाळी, तीनदा उशीर, तिसऱ्यांदा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. म्हटलं आता गियरची सायकल घेतल्याशिवाय सुटका नाही, आणि खिशात तर दमडी नाही.

रोह्यात एका सायकलवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "दाते मोजलेस का रे?"

मोजले. पायडलकडे 44, मागे फ्रीव्हीलला 18. चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच, दातांचं अंतरही तेवढंच. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की चेन 44 दाते सरकते, आणि मागचं चाक 44 भागिले 18, म्हणजे 2.44 वेळा फिरतं. हाच गियर रेशो, बाकी काही जादू नाही. 28 इंची चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर. एका फेरीत सायकल 5.4 मीटर पुढे.

आता चढ घ्या, वीस मीटरला एक मीटर असा. 5.4 मीटर पुढे म्हणजे 27 सेंटिमीटर वर. मी आणि सायकल मिळून 85 किलो. एवढं वजन पायांच्या एका फेरीत 27 सेंटिमीटर उचलायचं! काकांनी मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील बसवलं. 44 भागिले 22, बरोबर दोन. एका फेरीत 4.4 मीटर, आणि उचलायचं फक्त 22 सेंटिमीटर. खिंड तेवढीच उंच राहते हो, फेऱ्या जास्त माराव्या लागतात. पण गुडघ्याला विचारा फरक काय तो.

फुकट मात्र काही मिळत नाही. मिनिटाला 70 फेऱ्या मारल्या तर आधी ताशी साडेबावीस किलोमीटर जायचो, आता साडेअठरा. सपाट रस्त्यावर पाय नुसते भिरभिरतात. पेणलाच राहिलो असतो तर 18 बदललंच नसतं.

चार दाते वाढले की चेन एक इंचाने आखूड पडते. मागचं चाक अर्धा इंच पुढे सरकवलं की भागतं, मग ब्रेक पुन्हा जुळवायचे. काकांनी आधी चेनवर पट्टी ठेवली होती: 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. एक अष्टमांश इंच जास्त भरली तर चेन झिजली, आणि तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले असणार. अशी चेन नव्या फ्रीव्हीलवर चढवली तर जोर लावताना कटकन सटकते. नेमकी चढावर, अजून कुठे!

आणि ते '21 गियर' लिहिलेलं स्टिकर. पुढे 42, 34, 24 आणि मागे 14 ते 28 अशी सात चक्रं असतील, तर तीन गुणिले सात एकवीस खरंच. पण 42 भागिले 28 दीड, आणि 24 भागिले 16 सुद्धा दीडच! अशा जोड्या बऱ्याच निघतात. खरा फायदा टोकाला आहे. 24 भागिले 28 म्हणजे एकाहून कमी, पायडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरीही पूर्ण होत नाही. खिंडीसाठी ते झकास, पण माझ्या बजेटमध्ये फ्रीव्हीलच बसलं.

अजूनही उतरावं लागतं का? शेवटच्या वळणावर, पावसात, कधीकधी. पाळी मात्र त्यानंतर चुकलेली नाही.